रंगीत तालीम : स्लॅप्टनच्या किनाऱ्यावर काय झालं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्यातली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)



'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सुरुवातीचा तो किनारा, बोटीचं पुढचं दार खाली पडतं आणि समोरून मशीनगन सुरू होते. ६ जून १९४४. नॉर्मंडी, फ्रान्स. डी-डे. त्या दिवसावर सिनेमे आले, गेम आले, वेब सिरीज आल्या.

आज मला त्या दिवसाच्या पाच-सहा आठवडे आधीची गोष्ट सांगायची आहे. फ्रान्समधली नाही, इंग्लंडमधली. आपल्याकडे नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात ना? मेकअप खरा, कपडे खरे, लाइट खरे, फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक नाही. अमेरिकन सैन्याने तशीच रंगीत तालीम इंग्लंडच्या एका किनाऱ्यावर केली. जहाजं खरी, तोफगोळे खरे, समुद्र खरा. फक्त शत्रू तेवढा नव्हता. म्हणजे, नसायला हवा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन सांगतो. १९४० मध्ये हिटलरने फ्रान्स घेतला. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि जानेवारी १९४२ मध्ये पहिले अमेरिकन सैनिक उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला उतरले. तिथून पुढे ओघ वाढतच गेला. मे १९४४ संपताना ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख अमेरिकन सैनिक होते. इंग्रज थट्टेने म्हणायचे, हे बेट बुडत कसं नाही? ब्रिटिश सैनिकापेक्षा अमेरिकन सैनिकाचा पगार कितीतरी जास्त. खिशात चॉकलेट, च्युइंग गम, सिगारेटी. इकडे ब्रिटनमध्ये लोणी, साखर, अंडी, सगळं रेशनवर. त्यामुळे पोरं खूश आणि तरुण इंग्रज पुरुष जळफळलेले.

अमेरिकन युद्धखात्याने १९४२ मध्ये आपल्या सैनिकांसाठी एक छोटी पुस्तिकाच काढली होती, ब्रिटनमध्ये कसं वागायचं याची. फुशारक्या मारू नका, पगाराचा रुबाब दाखवू नका, त्यांच्या राजाबद्दल वाकडं बोलू नका, त्यांच्या उच्चारांची टिंगल करू नका. सासरी पाठवलेल्या मुलीला आई सांगते तशा सूचना. मजेशीर आहे, जमलं तर शोधून वाचा.

एक गोष्ट मात्र मजेशीर नाही. या सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या. हुकूमशाहीविरुद्ध लढायला आलेल्या सैन्याने आपला वर्णभेद बोटीत घालून सोबत आणला होता. जून १९४३ मध्ये लँकशायरमधल्या बॅम्बर ब्रिज या गावात पबमधल्या बाचाबाचीवरून गोरे लष्करी पोलीस आणि काळे सैनिक यांच्यात रात्रभर गोळीबार झाला, त्यात एक काळा सैनिक मेला. हा स्वतंत्र भागाचा विषय आहे आणि तो भाग मी करणार आहे. आज पुढे जातो.

तर १५ लाख माणसं आली. पण समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढायचं ही गोष्ट कवायतीच्या मैदानावर शिकता येत नाही. उत्तर डेव्हनमध्ये वूलाकूम्बजवळ अमेरिकनांनी एक प्रशिक्षण केंद्र उघडलं. बोटींचा तुटवडा, म्हणून त्यांनी वाळूत चक्क काँक्रीटच्या बोटी बांधल्या. म्हणजे बोटीच्या मापाचा चौथरा आणि पुढे दाराची जागा. त्यात उभं राहायचं, हुकूम झाला की धावत बाहेर पडायचं. ब्रॉन्टन बरोज या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्या काँक्रीटच्या बोटी आजही आहेत.

पण काँक्रीटची बोट हलत नाही. त्यात उलटी होत नाही. खऱ्या तालमीसाठी खरा किनारा हवा, आणि तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यासारखा दिसायला हवा.

असा किनारा दक्षिण डेव्हनमध्ये सापडला, स्लॅप्टन सँड्स. नावात सँड्स आहे, पण आहे गोट्यांचा किनारा. लांबच लांब पट्टा, त्याच्या मागे रस्ता आणि रस्त्याच्या मागे गोड्या पाण्याचं तळं. आता नॉर्मंडीतला जो किनारा अमेरिकनांनी 'यूटा' या सांकेतिक नावाने ठरवला होता, त्याच्याही मागे पाणी होतं. जर्मनांनी सखल जमिनीत पाणी सोडून दलदल केली होती. म्हणजे किनाऱ्यावर उतरलं की काम संपत नाही, पुढे पाण्यामधल्या अरुंद वाटांवरून आत शिरायचं. स्लॅप्टन त्या मानाने हुबेहूब. अडचण एकच होती. तिथे माणसं राहत होती.

नोव्हेंबर १९४३. गावोगावच्या सभागृहांत आणि चर्चमध्ये लोकांना बोलावून सांगितलं गेलं की २० डिसेंबरपर्यंत गावं रिकामी करा. स्लॅप्टन, टॉरक्रॉस, स्ट्रीट, स्टोकनम, ब्लॅकॉटन, ईस्ट ॲलिंग्टन अशी गावं. सुमारे ३,००० माणसं, १८० शेतं, ३०,००० एकर जमीन. मुदत जेमतेम सहा आठवडे. का, याचं धड उत्तर नाही. फक्त एवढंच की युद्धासाठी हवं आहे.

डोळ्यांसमोर आणा. ऐन हिवाळा. घरातले तरणे मुलगे आधीच लढाईवर. मागे राहिलेत म्हातारे, बायका, पोरं. गाई-मेंढ्यांचं काय करायचं? उभ्या पिकाचं काय? गवताच्या गंजी कुठे न्यायच्या? पेट्रोल रेशनवर, त्यामुळे सामान हलवायला गाडी मिळणं म्हणजे लॉटरी. काही म्हातारी माणसं अशी होती की जन्मात तालुक्याच्या गावापलीकडे गेली नव्हती. स्वयंसेवक बायकांनी खूप मदत केली, हे खरं. चर्चमधल्या जुन्या लाकडी कोरीव वस्तू काढून नेल्या, ज्या हलवता येत नव्हत्या त्यांच्याभोवती वाळूच्या गोण्या रचल्या. चर्चच्या दारावर एक्सेटरच्या बिशपच्या वतीने अमेरिकनांसाठी विनंतीची सूचना लावली. तिचा आशय असा की हे चर्च शेकडो वर्षं इथे उभं आहे, त्याच्याभोवती एक गाव वाढलंय, त्याचा मान राखा. गाव सोडून जाणारा माणूस येणाऱ्या अनोळखी माणसासाठी दारावर चिठ्ठी ठेवून जातो, तसं.

नाताळला त्या गावांमध्ये एकही दिवा नव्हता.

१९४४ सुरू झालं आणि तालमी सुरू झाल्या. एप्रिलमधली मोठी तालीम म्हणजे 'एक्सरसाइज टायगर', यूटावर उतरणाऱ्या सैन्याची. २२ ते ३० एप्रिल. मुख्यतः अमेरिकन चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन आणि तिच्यासोबतच्या तुकड्या. आयझेनहॉवर यांचा आग्रह होता की सगळं खऱ्यासारखं हवं. पोरांना धुराचा वास, स्फोटांचा आवाज, समुद्र लागून आलेली मळमळ, सगळ्याची सवय व्हायला हवी. म्हणून खरा दारूगोळा.

२७ एप्रिलच्या सकाळी उतरण्याची पहिली तालीम झाली. काही जहाजांना उशीर झाला म्हणून तालमीचे प्रमुख रिअर ॲडमिरल डॉन मून यांनी उतरण्याची वेळ एक तासाने पुढे ढकलली. हा निरोप काही बोटींपर्यंत पोचलाच नाही आणि त्या जुन्या वेळेप्रमाणे किनाऱ्याकडे निघाल्या. निरोप न पोचणं हे लक्षात ठेवा. याच तालमीत चोवीस तासांच्या आत ते पुन्हा घडणार आहे.

त्याच रात्री आठ मोठी जहाजं एका रांगेत लाइम बे नावाच्या उपसागरातून स्लॅप्टनकडे येत होती. पाच प्लिमथहून, तीन ब्रिक्समहून. ही एलएसटी जातीची जहाजं. जवळपास शंभर मीटर लांब, पोटात रणगाडे, ट्रक, जीप, आणि वर सैनिक. पूर्ण नाव 'लँडिंग शिप, टँक', पण खलाशी चेष्टेने म्हणायचे 'लार्ज स्लो टार्गेट'. मोठं, संथ, नेम धरायला सोपं.

यांच्या संरक्षणाला दोन ब्रिटिश युद्धनौका ठरल्या होत्या, 'अझेलिया' आणि 'सिमिटर'. त्यातली 'सिमिटर' आदल्या रात्री एका अमेरिकन बोटीला धडकली, तिला भोक पडलं, ती दुरुस्तीसाठी प्लिमथला गेली. तिच्या जागी दुसरी वेळेवर निघाली नाही. उरली एकटी 'अझेलिया', आकाराने छोटी, वेगाने बेताची.

आणि आता तो मुद्दा, ज्याने मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अक्षरशः फोन खाली ठेवावा लागला. अमेरिकन जहाजांना दिलेल्या आदेशात रेडिओची फ्रिक्वेन्सी चुकीची टाइप झाली होती. 'अझेलिया' आणि ब्रिटिश नौदलाचं मुख्यालय एका लहरीवर बोलत होते आणि आठ एलएसटी दुसऱ्याच लहरीवर कान लावून बसल्या होत्या. मध्यरात्रीच्या सुमारास ब्रिटिशांना समजलं की जर्मन वेगवान टॉर्पेडो बोटी समुद्रात आहेत. इशारा दिला गेला. 'अझेलिया'ने ऐकला. ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी ऐकलाच नाही. आणि 'अझेलिया'वरच्यांना वाटलं, त्यांनीही ऐकला असेलच.

फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरातून नऊ जर्मन बोटी आल्या होत्या, नेहमीच्या रात्रीच्या गस्तीला. त्यांना तालमीचा पत्ता नव्हता. रेडिओवरची वर्दळ वाढलेली दिसली म्हणून बघायला आले आणि समोर ही मंद रांग.

सुरुवातीला गोळीबाराचे आवाज आले तेव्हा जहाजांवरच्या अनेकांना वाटलं, हा तालमीचाच भाग असणार. किती खऱ्यासारखं केलंय!

रात्री दोननंतर एलएसटी ५०७ ला टॉर्पेडो लागला. आतल्या प्रत्येक गाडीची पेट्रोलची टाकी भरलेली, त्यामुळे जहाज पेटलं. काही मिनिटांतच ५३१ ला दोन टॉर्पेडो लागले, ते सहा मिनिटांत बुडालं. सहा मिनिटं. पोटातल्या पोरांना जिना सापडायलाही तेवढी पुरली नाहीत. ५३१ वर माल उतरवण्याचं काम करणारी एक आख्खी क्वार्टरमास्टर कंपनी होती, ती जवळजवळ संपली. तिसऱ्या जहाजाचा, २८९ चा, मागचा भाग उडाला, तरी ते कसंबसं डार्टमथला पोचलं.

उडी मारून जे पाण्यात पोचले ते तरी वाचायला हवे होते, नाही का? इथे दुसरी गोष्ट आडवी आली. सैनिकांना हवा भरणारा पट्टा दिला होता, कळ दाबली की फुगतो. तो काखेखाली, छातीभोवती बांधायचा असतो. पण पाठीवर जड पिशवी, अंगावर सामान, आणि नीट शिकवलंच नव्हतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी तो कमरेला बांधला होता. कमरेला बांधलेला पट्टा फुगला की काय होतं? वरचं शरीर सामानाने जड, माणूस उलटा होतो. डोकं पाण्याखाली, पाय वर. जीव वाचवायला दिलेल्या वस्तूनेच बुडवलं. जे उलटे झाले नाहीत त्यातले कित्येक एप्रिलच्या गारठलेल्या पाण्यात तासन्तास राहून गेले.

बाकीच्या जहाजांना आदेश होता की पांगा, किनारा गाठा, थांबू नका. लष्करी हिशेबाने तो चूकही नव्हता, कारण थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं लक्ष्य. एलएसटी ५१५ चा कप्तान जॉन डॉयल मात्र परत फिरला. त्याने आपलं जहाज मागे आणून शंभराहून अधिक माणसं पाण्यातून वर ओढली. उजाडल्यावर त्याच्या लोकांनी जे पाहिलं ते पाण्यावर तरंगणारे पाय होते.

अमेरिकन सैन्याच्या नोंदीप्रमाणे त्या रात्री ७४९ माणसं गेली. ५५१ सैनिक, १९८ खलाशी. आता ६ जूनचा आकडा ऐका. ज्या यूटा किनाऱ्यासाठी ही तालीम होती, तिथे प्रत्यक्ष डी-डेच्या दिवशी चौथ्या डिव्हिजनचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता सगळे मिळून २०० च्या आत होते. प्रयोगापेक्षा तालीम महाग पडली.

वरच्या लोकांची झोप मात्र वेगळ्याच कारणाने उडाली होती. नॉर्मंडीची जागा आणि तारीख माहीत असलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांसाठी 'बिगॉट' नावाची गुप्ततेची खास श्रेणी होती. असे दहा अधिकारी त्या रात्रीनंतर बेपत्ता होते. त्यातला एक जरी जर्मनांनी पाण्यातून उचलला असेल तर? सगळी मोहीमच धोक्यात. म्हणून लाइम बेमध्ये त्या दहा जणांचा शोध सुरू झाला. प्रेतं तपासली जात होती ती ओळख पटवण्यासाठी, पण आधी हे बघायला की हा त्या दहांपैकी आहे का. दहाही सापडले. मेलेले. आणि मुख्यालयाने सुटकेचा श्वास सोडला. हे वाक्य बोलताना मला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

वाचलेल्यांना सक्त ताकीद मिळाली की तोंड उघडलं तर कोर्ट मार्शल. जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं होतं, उपचार करा, प्रश्न विचारू नका. ६ जूनपर्यंत हे समजण्यासारखं आहे. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच केलं असतं बहुधा.

पण इथे मला थोडं थांबायचंय, कारण यूट्यूबवर आणि फॉरवर्डमध्ये ही गोष्ट 'चाळीस वर्षं दडपलेलं महारहस्य' अशी फिरते. तसं नाहीये. नॉर्मंडी यशस्वी झाल्यावर, ऑगस्ट १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या मुख्यालयाने ही माहिती दिली होती, सैन्याच्या वर्तमानपत्रात ती छापूनही आली. १९४६ साली आयझेनहॉवर यांचे सहायक हॅरी बुचर यांच्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे. अमेरिकन नौदलाच्या इतिहासातही आहे. कुणी कुलूप लावलं नव्हतं. झालं असं की पॅरिस सुटत होतं, बर्लिनकडे कूच चालली होती, त्या गदारोळात एका तालमीची बातमी कोण वाचणार? आणि ज्या पोरांना गप्प बसायला सांगितलं होतं त्यांना 'आता बोललात तरी चालेल' हे सांगायला कुणी गेलंच नाही. ते विशी-बाविशीत गप्प झाले आणि साठीपर्यंत गप्प राहिले. बायकोला नाही सांगितलं, मुलांना नाही. आणि गेलेल्यांच्या कित्येक घरांत हाच समज राहिला की आपला मुलगा फ्रान्समध्ये लढता लढता गेला. मला विचाराल तर हे कटापेक्षा जास्त वाईट आहे. कट करणाऱ्याला निदान आठवण तरी असते.

त्या रात्रीचा उपयोग झाला का? झाला. रेडिओच्या लहरी एकसारख्या केल्या. पट्टा कसा बांधायचा हे नीट शिकवलं. पाण्यात पडलेल्यांना उचलण्यासाठी डी-डेला छोट्या बोटी वेगळ्या ठेवल्या. ६ जूनला यामुळे नक्की किती जीव वाचले ते मोजता येणार नाही, पण वाचले असणारच. दुसरीकडे, तीन एलएसटी कमी झाल्यामुळे मोहिमेसाठी त्या जातीचं एकही जहाज राखीव उरलं नाही. आणि तालीम थांबली नाहीच. मेच्या पहिल्या आठवड्यात स्लॅप्टनच्या त्याच किनाऱ्यावर ओमाहा किनाऱ्याची तालीम झाली. हो, सिनेमात दिसतो तोच ओमाहा.

ॲडमिरल मून यांनी ६ जूनला यूटावर सैन्य उतरवलं, आणि चांगलं उतरवलं. ५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी आपल्या जहाजावरच्या खोलीत स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारण युद्धाचा थकवा असं नोंदलं गेलं.

गावकरी १९४४ संपता संपता हळूहळू परतायला लागले. छपरं उडालेली, खिडक्या फुटलेल्या, शेतात न फुटलेले गोळे, घरात उंदीर. काही कुटुंबं परत आलीच नाहीत. १९५४ मध्ये अमेरिकन सैन्याने स्लॅप्टनच्या किनाऱ्यावर एक दगडी स्मारक उभारलं. त्यावर गावकऱ्यांचे आभार आहेत, की तुम्ही उदार मनाने घरंदारं सोडलीत आणि त्यामुळे शेकडो जीव वाचले. टायगरमध्ये मेलेल्यांबद्दल त्या दगडावर एक अक्षर नाही.

ते अक्षर आणायला एक साधा माणूस लागला. केन स्मॉल, टॉरक्रॉसमध्ये छोटं गेस्ट हाउस चालवणारा, आधी केस कापायचा धंदा करणारा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो रोज किनाऱ्यावर फिरायचा आणि त्याला गोट्यांमध्ये बंदुकीच्या गोळ्या, लष्करी बटणं, नाणी सापडायची. हे इथे कुठून आलं? विचारायला लागला. मग एका कोळ्याने सांगितलं, समुद्रात पाऊण मैलावर तळाशी काहीतरी मोठं आहे, आमची जाळी अडकतात. पाणबुडे उतरले. साठ फुटांवर अमेरिकन शर्मन रणगाडा उभा होता, तालमीत बुडालेला.

केनने तो अमेरिकन सरकारकडून रीतसर विकत घेतला. १९७४ साली, ५० डॉलरला! बुडालेला रणगाडा विकत घेणाऱ्या माणसाला शेजारी काय म्हणाले असतील ते तुम्हीच ठरवा. तो वर काढायला आणखी दहा वर्षं गेली. मे १९८४ मध्ये रणगाडा पाण्याबाहेर आला. बातम्या झाल्या, आणि अमेरिकेतून पत्रं यायला लागली. कुणी वाचलेला, कुणी गेलेल्याचा भाऊ. म्हातारे झालेले सैनिक टॉरक्रॉसला येऊन त्या रणगाड्यापाशी उभे राहायला लागले. १९८७ मध्ये तिथे मेलेल्यांसाठी फलक लागला. केन २००४ मध्ये गेला.

काळा रंग दिलेला तो रणगाडा आजही टॉरक्रॉसच्या गाडीतळाशेजारी, तळ्याच्या काठावर आहे. १९५४ चा दगडही त्याच पट्ट्यावर उभा आहे, चालत गेलात तर एका फेरीत दोन्ही बघून होतात. मॅपवर 'टॉरक्रॉस' टाकून सॅटेलाइट व्ह्यू बघा, समुद्र आणि तळं यांच्या मधला तो बारीक रस्ता स्पष्ट दिसतो.

बॅम्बर ब्रिजवर पुढच्या भागात बोलू. तोवर नमस्कार.